पेन्सिलीनं

स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिही म्हणाले, दोन पानं.
तिसऱ्या पानावर ठिबकवाल्यांची जाहिरात आहे.
तर लिहितो.

स्थापना त्र्याहत्तर, सांगली,
कारखान्याच्या गेस्ट हाउसमागं, चिपाडं वाळत टाकायचे तिथं.
टर्बाइन बसवायला युगोस्लाव्हियाचा एक फिटर आलेला,
द्रागोल्युब.
तवनाप्पा मगदूमनं पहिल्याच दिवशी
त्याचा दगडूसाहेब केला.
गळीताला अवकाश होता, माणूस रिकामा.
भिंतीवर चुन्यानं दोन उभ्या रेघा मारल्या, एक आडवी,
आणि कबड्डीच्या पोरांना हातवारे करून सांगितलं
की इथं धरायचं नाही,
सोडायचं.
सोडायला शिकण्यात आमचे दोन हंगाम गेले.

चेंडू निसटायचा. त्याच्या गावी हाताला राळ लावत म्हणे.
आमच्याकडं राळ नव्हती, काकवी होती.
मध्यंतरापर्यंत चेंडूला मुंग्या.
गोलकीपर शमशुद्दीन मुजावर
अडवलेला चेंडू आधी चाटतो आणि मग फेकतो,
असं मिरजेचे लोक अजून सांगतात.
खोटं आहे. दोनदाच चाटला.

पंचाहत्तरला तो गेला. मग पत्रं.
मोरावा नावाच्या नदीकाठी त्याचं गाव,
तिथं त्याचा क्लब, तिथंही पूर.
त्याचं इंग्रजी आमच्याहून कच्चं,
म्हणून आम्हाला नीट कळायचं.
पाकिटावरच्या तिकिटात देशाचं नाव पुष्कळ वर्षं तेच होतं.
मग नाव तेच, देश लहान.
मग वाटणी झालेल्या घराला असतात
तशा दोन पाट्या.
मग एकच.
“मी खुर्चीसुद्धा हलवलेली नाही,” त्यानं लिहिलं,
“क्लबचं नाव मात्र पाचवं.”

आम्ही हसलो. मग बोटं मोजली.
तरुण हँडबॉल मंडळ.
कारखाना नीट चालला तोवर कामगार क्रीडा मंडळ.
पतसंस्थेनं बनियन दिले तेव्हा पतसंस्थेचं नाव.
पतसंस्था बुडाली, बनियन मात्र आठ वर्षं टिकले,
आणि ठेवीदार आमच्या मॅचला येऊन ओरडायचे,
आमचं पैसं द्या रे!
त्या दंग्यात सुकुमार चौगुलेनं सात गोल मारले.
पुढं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसापुरते
आम्ही अकॅडमीसुद्धा होतो.

मधल्या एका पत्रात निकाल नव्हता.
हॉलमध्ये आता माणसं झोपतात, एवढंच.
लांबून आलेली, गाद्यांसकट.
आम्हाला तेव्हा काही समजलं नाही.
एकोणीसला आयर्विनच्या पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं
आणि आम्ही विश्रामबागेत एका हॉलमध्ये आडवे पडलो,
बास्केटबॉलच्या रिंगखाली,
तेव्हा मला ते पत्र आठवलं.
कळवावं वाटलं. पण पत्ता कपाटात
आणि सांगलीवाडीच्या खोलीतलं कपाट पाण्यात.

बाराव्या दिवशी गाळातून स्कोअरची वही निघाली.
खेळाडूंची नावं सेक्रेटरी शाईनं लिहायचे,
शाईचा मान म्हणून.
गोल मी पेन्सिलीनं,
कारण पंच ऐन वेळी गोल खोडायला लावायचे.
वही उन्हात वाळवली, एकेक पान बोटानं सोडवत.
नावं गेली होती. नुसता निळा ओघळ.
काड्या शाबूत.
चार उभ्या, एक तिरकी. चार उभ्या, एक तिरकी.
सेहेचाळीस वर्षांचे सगळे गोल जागेवर,
मारणारं कुणी नाही.

आता मुली खेळतात, गाळ खरवडून सपाट केलेल्या मैदानात.
तवनाप्पाची नात पद्मजा डावखुरी आहे,
आणि तिच्याकडं राळेची खरी डबी आहे, कुरियरनं आलेली.
काकवीचं सांगितलं की दात काढते.
परवा वही चाळताना तिनं एका ओळीवर बोट ठेवलं,
एकाच मॅचला बारा काड्या.
“हे कोण?”
मला आठवत नाही. शपथेवर आठवत नाही.
सुकुमार असेल, किंवा तो वडरांचा पोरगा,
जो एकच हंगाम खेळला आणि कोल्हापूरला गवंडीकामाला गेला.
म्हटलं, तुझे आजोबा. लिही.
तिनं खिशातून पेन काढलं.
थांब, म्हटलं.
पेन्सिल घे.